दुसरी खेप

मुंबईतला ख्रिस्ती माणूस शिवडीला जातो तो बहुधा दफनभूमीत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिथे कबरींवर फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. त्याच शिवडीत महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे. घरच्यांनी पाठ फिरवलेले रुग्णही तिथे येतात. मृतांसाठी न चुकता शिवडी गाठणारे आपण या जिवंत माणसांकडे का जात नाही? असं विचारलं की तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं उत्तर बाहेरच्यांचं: ख्रिस्ती सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष, ती नकोच. हा आक्षेप निराधार नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन काढलं. ते पुण्याला हलल्यावर, मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात या कारणावरून १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणून आक्षेप घेणाऱ्यावर चिडू नये. लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आठवावेत. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परतला. पण उरलेल्या नऊ जणांचं आरोग्य येशूने काढून घेतलं नाही. अट घालून केलेली सेवा ख्रिस्ताच्याच कसोटीवर खोटी ठरते. मात्र कुणी अट घातली, म्हणून बिनशर्त सेवाही लबाडीच, असं म्हणणं न्यायाचं नाही.

दुसरं उत्तर आपलंच: ‘ते सिस्टरांचं, डॉक्टरांचं काम. आम्ही दान देतो.’ येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही वाटेवरच्या जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवलं आणि दोन दीनार दिले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. जास्त खर्च आला तर परत येईन तेव्हा देईन, असा शब्द त्याने दिला. त्याच वाटेने आधी गेलेले याजक आणि लेवी एकदाही थांबले नाहीत. शोमरोनी पुन्हा येणार होता. संस्थेच्या हाती रुग्ण सोपवून त्याने आपली जबाबदारी संपवली नाही. आपण दोन दीनार देतो आणि तो शब्द तेवढा विसरतो.

तिसरं उत्तर भीतीचं: ‘लागण झाली तर?’ ही भीती खरी आहे. शिवडीच्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाही क्षय झाला आहे, काहींचे प्राण गेले आहेत. म्हणून मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, डॉक्टरांना विचारून जावं. पण क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. रुग्णाची भांडी वेगळी काढून लागण टळत नाही, माणूस मात्र तुटतो. योग्य औषधं सुरू झाली की संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. हे समजून घेणं हासुद्धा प्रेमाचाच भाग आहे.

साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. औषधं सरकार फुकट देतं. नोव्हेंबर २०२४पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. तरी माणसं गोळ्या सोडतात. दोन महिन्यांत बरं वाटू लागतं, गोळ्यांनी मळमळतं, दवाखान्याच्या फेऱ्यांत रोजगार बुडतो. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या की औषधांना न जुमानणारा क्षय मागे लागण्याची भीती असते. इथे एका दिवसाचा कळवळा पुरत नाही. परळ-लालबागच्या चाळीत शेजारच्या खोलीत खोकणाऱ्या माणसाला तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या महिन्यातही ‘गोळी घेतलीत का?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं. डबा देणारं, रांगेत सोबत उभं राहणारं, घरमालकाशी बोलणारं कुणीतरी लागतं.

ख्रिस्ती करुणेची खरी कसोटी ही आहे. पहिल्या भेटीला उमाळा पुरतो. दुसऱ्या खेपेला निष्ठा लागते. नाताळात फळं वाटून फोटो काढणं सोपं. फेब्रुवारीत, कुणी पाहत नसताना, त्याच माणसाकडे जाणं अवघड. म्हणून प्रत्येक मंडळीने रविवारच्या उपासनेनंतर एवढं तरी ठरवावं: एका कुटुंबाने एका रुग्णाची सहा महिने साथ करायची. त्याची जात, धर्म, गाव विचारायचं नाही. आपल्या श्रद्धेबद्दल त्याने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तरी पुढच्या आठवड्यात जायचं.