वळीव आणि विवाल्दी

विवाल्दीच्या ‘चार ऋतूं’ची ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवून ऐकायची वेळ आली, की बहुतेक जण ‘उन्हाळ्या’चा शेवटचा भाग लावतात. वादळाचा. कोण किती वेगात वाजवतं, एवढ्या धावपळीत कुणाचे सूर स्वच्छ राहतात, यावर निकाल लागतो. मला हा निकष मान्य नाही. ‘उन्हाळ्या’ची परीक्षा त्याच्या मधल्या, संथ भागात व्हावी.

आपल्याकडे पाऊस म्हणजे सुटका. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या आमच्या उंबरमाळीच्या पट्ट्यात मे महिना कसा जातो, ते इथल्या बायकांना विचारा. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. अशात घाटाकडून ढग उतरले आणि वळीव कोसळला, तर त्या गडगडाटाची भीती कुणाला वाटणार? मल्हाराचे सगळे प्रकारही आपल्याला हेच शिकवत आले, की मेघ गरजले म्हणजे मन भरून येतं. तोच कान घेऊन आपण विवाल्दी ऐकायला बसतो आणि त्याच्या वादळात जल्लोष ऐकतो.

विवाल्दीचं वादळ मात्र पीक बुडवणारं आहे. 1725 साली ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या बारा कॉन्चेर्तोंचा संच छापला गेला. त्यातले पहिले चार म्हणजे हे ऋतू. प्रत्येकासोबत एक सुनीत छापलेलं आहे आणि कुठली ओळ कुठल्या सुरांवर येते, तेही नोटेशनमध्ये अक्षरं घालून दाखवलेलं आहे. ‘उन्हाळ्या’त उन्हानं माणसं-गुरं मलूल झालेली, पक्ष्यांचे आवाज, वाऱ्याची झुळूक, मग उत्तरेचा वारा आणि पुढचं संकट ओळखून रडणारा गुराखी. शेवटी गारा पडतात आणि उभं धान्य आडवं होतं. आपल्या अनुभवातला याचा जोडीदार शोधायचा तर तो वळीव नाही, ऑक्टोबरातला परतीचा पाऊस आहे. भात कापून शेतात पसरलेलं असतं, दोन दिवस उन्हं खाऊन भारे बांधायचे असतात आणि दुपारी आभाळ भरून येतं. लोंब्या चिखलात बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच लोंबीतून पांढरे मोड डोकं काढतात. ते ज्यांनी हातात घेऊन पाहिलं आहे, त्यांनी हे संगीत ऐकावं आणि कुठला वादक खरं बोलतो ते सांगावं.

आता तो मधला भाग. गुराखी दमून पडला आहे आणि त्याला झोप लागत नाही. मुख्य व्हायोलिन एक लांब, थकलेली धून घेतं. तिच्या मागे वाद्यवृंदातली व्हायोलिनं बारीक, तुटक, खुरडत्या लयीत एकच चाळा करत राहतात. त्या माश्या आहेत, विवाल्दीनं तसं लिहूनच ठेवलं आहे. मध्येच सगळी वाद्यं खालच्या पट्टीत भराभर घुमतात, लांबवरचा गडगडाट होतो आणि थांबतो. पुन्हा धून, पुन्हा माश्या. भीती सगळी इथे आहे. शेवटी जे कोसळतं, त्याचं वजन या अडीच-एक मिनिटांवर ठरतं.

ई मुझिची या इटालियन वृंदाचं, फेलिक्स आयो यांच्या वादनाचं 1959चं ध्वनिमुद्रण जगभर घरोघरी पोचलं. सूर गोल, मधाळ. पण माश्या इतक्या सभ्य, की गुराख्याला सहज डुलकी लागावी. नेव्हिल मॅरिनर यांचं 1969चं (व्हायोलिनवर ॲलन लव्हडे) कितीतरी चपळ आणि लखलखीत. सायमन प्रेस्टन यांची साथ कल्पक आहे. मला त्यात ऊन जाणवतं, धास्ती नाही.

झुबिन मेहता आपल्या मुंबईचे, म्हणून 1982चं त्यांचं तेल अवीवचं ध्वनिमुद्रण मी नेहमी आदरानं काढतो. ब्रोनिस्लाव ह्युबरमान यांच्या जन्मशताब्दीच्या उत्सवातली ती मैफल. त्या मैफलीत वाजवणारा वाद्यवृंद ह्युबरमान यांनीच 1936 साली उभा केला, आणि त्याच वर्षी झुबिन यांचा जन्म झाला. चार ऋतू चार जणांनी वाजवले: वसंत आयझॅक स्टर्न, उन्हाळा पिंकस झुकरमन, शरद श्लोमो मिंट्झ, हिवाळा इत्झाक पर्लमन. झुकरमन यांचा सूर भरदार आहे आणि संथ धुनेत तो काळजाला हात घालतो. वृंद मात्र मोठा आणि आधुनिक, त्यामुळे मागच्या माश्यांचं एक मऊ पांघरूण होऊन जातं. धून ऐकायची असेल तर मी हेच लावीन.

नायजेल केनेडी यांच्या 1989च्या ध्वनिमुद्रणाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. अनेकांना या संगीताचं दार त्यानं उघडलं, हे ऋण मोठंच. त्यातलं वादळ मात्र वादकाच्या पराक्रमाचं आहे. शेतकरी त्यात दिसत नाही.

निकोलाउस आर्नोंकूर यांचं 1977चं, ॲलिस आर्नोंकूर यांच्या व्हायोलिनचं ध्वनिमुद्रण आलं तेव्हा अनेकांना ते खरखरीत वाटलं. जुन्या घडणीची वाद्यं, तातेच्या तारा, गजाचे झटके. अशा वृंदांची पट्टीही बरेचदा सुमारे अर्धा सूर उतरलेली असते, म्हणजे पेटीवर पांढरी पाचचा षड्ज काळी तीनवर येतो. तार थोडी सैल, आवाज कोरडा, आणि हलक्या सुरानंतर जोराचा सूर आला की माणूस दचकतो. पुढे फाबिओ बिओंडी यांचा वृंद (1991) आणि इल जार्दीनो आर्मोनिको (1993) यांनी हीच वाट आणखी धीटपणे चालली. इल जार्दीनोच्या मधल्या भागात माश्या खरोखर छळतात, गडगडाट जमिनीखालून आल्यासारखा येतो, आणि शेवटी वाद्यं तुटून पडतात तेव्हा कुणाचं तरी काहीतरी जातं आहे हे कळतं. माझी निवड हीच. सौंदर्य कमी पडलं तरी चालेल, पण सुनीतातल्या गुराख्याशी वादकानं इमान राखलं पाहिजे, आणि इथे ते राखलं आहे.

ऐकताना एक पथ्य पाळा. कसारा लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ही तुलना करू नका. माश्यांचे सूर इतके हळू आहेत की ते गाडीच्या खडखडाटात पार बुडतात आणि वर उरतो फक्त गडगडाट. वादळाच्या वेगावर निकाल देण्याची सवय बहुधा अशीच लागते. घरी, रात्री, पंखा बंद करून ऐका. आधी झुकरमन, मग इल जार्दीनो, दोन्हींचा फक्त मधला भाग, लागोपाठ दोनदा.