किटली जपली, भाषा गेली

अमेरिकेत आयोवा राज्याच्या नैर्ऋत्येला स्टॅंटन नावाचं, हजारभरही वस्ती नसलेलं गाव आहे. १८७० मध्ये हॅलंड नावाच्या पाद्र्याने स्वीडिश शेतकरी आणून ते वसवलं. १९७१ मध्ये गावाने आपल्या पाण्याच्या टाकीला कॉफीच्या किटलीचं रूप दिलं. चोच, कान, वर फुलांची नक्षी. २००० साली कपाच्या आकाराची दुसरी टाकी आली. पाहुणे फोटो काढतात आणि म्हणतात, काय संस्कृती जपलीय बघा! असं कौतुक करण्यात आपली प्रवासवर्णनंही मागे नसतात. मला ते कौतुक पटत नाही.

मुळात ही किटली कशाची? फोल्जर्स कॉफीच्या टीव्ही जाहिरातींत मिसेस ओल्सन नावाची प्रेमळ स्वीडिश बाई शेजारणींना चांगल्या कॉफीचा सल्ला द्यायची. ती भूमिका करणारी व्हर्जिनिया क्रिस्टीन ही स्टॅंटनची लेक. म्हणजे हे स्मारक आहे एका जाहिरातीतल्या पात्राचं, आणि त्या पात्राचं भांडवल होतं तिचं स्वीडिश हेल काढत बोललेलं इंग्रजी.

तोच हेल याच राज्यात एकेकाळी संशयाचा विषय होता. २३ मे १९१८ रोजी गव्हर्नर विल्यम हार्डिंगने जाहीरनामा काढला: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर, जाहीर भाषणात फक्त इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी प्रार्थना घरात करावी. देव इंग्रजीच ऐकतो, अशा अर्थाचं तो बोललाही होता. राग जर्मनांवर होता, पण हुकूम सगळ्याच परक्या भाषांवर निघाला. स्वीडन तर त्या युद्धात तटस्थ होता! डिसेंबरमध्ये हुकूम मागे घेतला गेला.

स्वीडिश काही एका हुकमाने मेली नाही, हे खरं. १९२४ च्या कायद्याने नव्या माणसांचा ओघ आटवला, मुलांची लग्नं बाहेर झाली, विसाच्या दशकात स्वीडिश चर्चही इंग्रजीकडे वळली. पण आईबापांची भाषा चारचौघांत बोलणं धोक्याचं, हा धडा सरकारने दिला होता, आणि तो सात महिन्यांत पुसला जात नाही. पुढे भाषा निरुपद्रवी झाली, तेव्हा तिचा हेल गोड वाटू लागला. खाणं, नाच, रंगवलेले लाकडी घोडे यांना कुणाचीच हरकत नसते. हरकत असते ती कळत नसलेल्या बोलण्याला.

हे सगळं जुनं म्हणावं, तर २००२ मध्ये याच आयोवाने इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा करणारा कायदा केला. तोवर डेनिसनसारख्या गावांत मांस-कारखान्यांत राबणारी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आली होती. त्यांची नातवंडं स्पॅनिश विसरली, की त्यांच्याही नावाने एखादी रंगीत टाकी उभी राहील आणि तिचंही कौतुक होईल.

आपल्याकडच्या मंडळींनी हसू नये. परदेशातल्या मंडळांच्या गणेशोत्सवात ढोल दणदणतो, मोदक संपतात, आणि पोरं मांडवामागे आपसांत इंग्रजीत बोलत असतात. त्यांच्यावर तर कुणी हुकूमही काढला नव्हता.

स्टॅंटनने किटली खुशाल ठेवावी. तिच्याशेजारी हार्डिंगचा जाहीरनामाही लावावा, स्वीडिश भाषांतरासकट.