पन्नास तासांत काय शिकवणार?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार सातावरून एकवीसवर नेले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. एरवी ‘ढ’ किंवा ‘वांड’ ठरवून मागच्या बाकावर बसवलेल्या अनेक मुलांची अडचण कायद्याला दिसली. ती शिक्षकाला दिसावी, यासाठी आपण काय करतो?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. हे तास सभागृहात भाषणे ऐकून भरतील, हजेरीपटावर सह्याही होतील. पण एकच धडा चित्रातून, कृतीतून आणि गप्पांतून कसा मांडायचा, लिहिणे जड जाणाऱ्या मुलीचे उत्तर तोंडी कसे घ्यायचे, घरी कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या मुलाच्या भाषेला वर्गात जागा कशी द्यायची, हे करून पाहिल्याशिवाय येत नाही. सहकाऱ्याने वर्गात बसून निरीक्षण करावे, नंतर दोघांनी मोकळेपणाने बोलावे, पुढचा धडा त्यावरून बदलावा. खरे प्रशिक्षण ते हेच.

मुलांकडे पाहून शिकवणे बदलण्याची ही वाट आपल्याला अनोळखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात अंगणवाडी आणि कुरणशाळेचे, म्हणजे गुरे चरतात तिथेच भरणाऱ्या शाळेचे, प्रयोग केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना बोल लावला नाही, शाळेची रचनाच बदलली.

समावेशक शिक्षणाची कसोटी आजही तीच आहे. म्हणून प्रशिक्षणाचा हिशेब तासांत मागू नका. वर्गात काय बदलले, ते विचारा.