मॅग्नेशियमची डबी घेण्याआधी लेबल वाचा, आणि घड्याळही बघा



आधी भिजवलेले बदाम होते. मग स्मरणशक्तीची सिरप आली, मग माशाच्या तेलाच्या गोळ्या आल्या. सध्या पाळी मॅग्नेशियमची आहे. रात्री मोबाइल उघडला की कुणीतरी पांढरी डबी हातात धरून सांगत असतं, झोप लागत नाही ना, मेंदू थकलाय ना, मग हे घ्या. आमच्या स्टाफरूममध्ये दोघीतिघींच्या पर्समध्ये ही डबी आहे. पालकही विचारतात, "मॅडम, कोणतं घेऊ? ग्लायसिनेट की थ्रिओनेट?" रसायनशास्त्रातले शब्द इतक्या सहज तोंडी बसलेले बघून गंमत वाटते, पण प्रश्न खरा आहे आणि त्यात घरातला पैसा जातो, म्हणून आज यावर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मोठ्या माणसाला झोपेचा त्रास असेल, मूत्रपिंडाचा आजार नसेल आणि डॉक्टरांना विचारलं असेल, तर साधं, स्वस्तातलं मॅग्नेशियम काही आठवडे घेऊन बघायला हरकत नाही. "मेंदूसाठी खास" म्हणून तिप्पट पैसे मोजू नयेत. आणि शाळकरी मुलांना अभ्यास लक्षात राहावा म्हणून ते देऊच नये. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण लेबल वाचणं आणि शेकडेवारी काढणं हे तर आपण रोज वर्गात शिकवतो.

मॅग्नेशियम म्हणजे थोतांड नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या शरीरात ते साधारण २५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. शरीरातल्या तीनशेहून अधिक रासायनिक क्रियांना ते लागतं. स्नायू सैल पडायला लागतं, नसांचे संदेश आवरायला लागतं. मेंदूतल्या पेशींवर संदेश आत घेणारी काही दारं असतात, तिथे मॅग्नेशियम पहारेकऱ्यासारखं उभं राहतं आणि प्रत्येक बारीकसारीक संदेशाला आत सोडत नाही. त्यामुळे "मॅग्नेशियमने मन शांत होतं" ही कल्पना काही हवेतून आलेली नाही.

पण कल्पना पटण्यासारखी असणं वेगळं आणि ती तपासून सिद्ध होणं वेगळं. याचं एक उदाहरण मॅग्नेशियमचंच आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून काही स्त्रियांना झटके येतात, जीवावर बेततं. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी झाला. याला म्हणतात पुरावा. आता झोपेचं बघा. २०२१ साली झोप न लागण्याच्या तक्रारीवर मॅग्नेशियम देऊन केलेल्या वयस्क लोकांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. किती चाचण्या निघाल्या? तीन. माणसं किती? सगळी मिळून १५१. झोप लागायला सरासरी १७ मिनिटं कमी लागली, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे असं अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं. १७ मिनिटं काही वाईट नाहीत, तळमळत पडणाऱ्याला विचारा! पण रीलमध्ये "चमत्कार" म्हणून जे सांगतात त्याच्या मागे एवढंच आहे, आणि ते सगळे वयस्क लोक होते. शाळकरी मूल त्यात एकही नाही.

थ्रिओनेटची गोष्ट तर आणखी पातळ. हा प्रकार मेंदूपर्यंत जास्त पोचतो असं सांगतात. त्याचा मूळ आधार म्हणजे २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. त्यात या मॅग्नेशियमने शिकणं आणि आठवणं सुधारलं होतं. कुणाचं? उंदरांचं. त्यानंतर माणसांवर जे अभ्यास झाले ते लहान आहेत. डबीची किंमत मात्र सगळ्यांत मोठी. मी तरी त्यासाठी पैसे घालणार नाही.

आता लेबल. हा भाग सावकाश वाचा, कारण फसगत इथे होते.

डबीवर मोठ्या अक्षरात "मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम" असं लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं हजार मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळालं. तसं नसतं. ते पूर्ण संयुगाचं वजन आहे. ग्लायसिनेटमध्ये खरं मॅग्नेशियम सुमारे १४ टक्के, म्हणजे हजारात १४०. सायट्रेटमध्ये सुमारे १६ टक्के. थ्रिओनेटमध्ये तर ८ टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणून त्याच्या दिवसाला तीनचार मोठ्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. ऑक्साइडचं गणित तर सातवी-आठवीचं पोरगं करेल: मॅग्नेशियमचा अणुभार २४, ऑक्सिजनचा १६, बेरीज ४०, चाळीसात चोवीस म्हणजे ६० टक्के. मग ऑक्साइडच सगळ्यांत चांगलं का? नाही. ते आतड्यात नीट शोषलंच जात नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं आणि जाताना पोट साफ करून जातं. आपल्या आजीच्या काळापासून जुलाबासाठी घेतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया याच कुळातलं. पोट साफ होत नसेल तर ते ठीक आहे, झोपेसाठी घेऊन रात्री दोनदा उठावं लागलं तर काय उपयोग!

म्हणून लेबलवर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, "एलिमेंटल मॅग्नेशियम" किती ते शोधा. तोच आकडा खरा. आणि तो एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा हेही बघा, कारण "एका वेळचं प्रमाण दोन गोळ्या" असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तो आकडाच दिलेला नसेल तर डबी परत फडताळात ठेवा. अमेरिकेत मोठ्यांसाठी गोळीतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम धरतात, आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी फक्त ११०. जेवणातून येणारं यात धरलेलं नाही, त्याला मर्यादा नाही. मोठ्यांनी १०० ते २०० पासून सुरुवात करावी, ग्लायसिनेट किंवा सायट्रेट घ्यावं. ग्लायसिनेट पोटाला सौम्य, सायट्रेट बद्धकोष्ठ असेल तर बरं. निवड एवढीच आहे, यापेक्षा जास्त डोकं खपवायची गरज नाही.

कोणी घेऊच नये, किंवा विचारल्याशिवाय घेऊ नये? मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी, कारण जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम तेच करतं. ते साठलं तर थेट हृदयावर परिणाम होतो. आपल्याकडे मधुमेहाने मूत्रपिंड हळूहळू खराब झालेली आणि ते माहीतच नसलेली माणसं घराघरांत आहेत, म्हणून आईवडिलांसाठी परस्पर डबी मागवू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. काही अँटिबायोटिकचंही तसंच. उलट, ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं, किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम खरोखरच कमी झालेलं असू शकतं. त्यांनी रील बघण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावं. आणि रक्त तपासून "नॉर्मल" आलं तरी गोष्ट तिथे पूर्ण संपत नाही, कारण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमच्या एक टक्काही रक्तात नसतं. विकणारे याचा फायदा घेऊन "तुमचं कमीच असणार" असं ठोकून देतात, ते तेवढं ऐकू नका.

मुलांकडे येते.

पाचवीतल्या एका मुलाची आई मागच्या सत्रात डबी घेऊनच शाळेत आली. गोळ्या नव्हत्या, रंगीत गमी होत्या, अस्वलाच्या आकाराच्या. "मॅडम, शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, ह्याला काही आठवत नाही. हे देऊ का?" मी विचारलं, "ताई, झोपतो कधी?" साडेअकरा. उठतो कधी? सहाला, कारण साडेसहाला क्लास. म्हणजे साडेसहा तास. या वयाच्या, म्हणजे ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रोज अडीच तासांची उधारी. दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो, आणि आपण तोच वेळ कापून वर गमी देतो.

पण साडेअकरा का, हे विचारल्यावर जे कळलं ते सोपं नव्हतं. वडिलांचं दुकान रात्री दहाला बंद होतं. ते आले की सगळे एकत्र जेवतात. दिवसभरात बाप-लेकाची भेट व्हायची ती तेवढीच. आता अशा घरात जाऊन "मुलाला साडेआठला झोपवा" म्हणणं किती सोपं आहे आणि किती निरुपयोगी! आम्ही बसून दुसरं काही काढलं. सकाळचा क्लास संध्याकाळच्या तुकडीत गेला. जेवण आजीबरोबर आठला. बाबांची भेट सकाळी, शाळेत सोडायला बाबाच येतात. वडिलांना ते मनापासून आवडलेलं नाही, त्यांनी मला तसं सांगितलंही. मुलगा आता दहाच्या आत झोपतो. गमीची डबी तिने दुकानात परत केली की नाही ते मी विचारलं नाही.

मुलांच्या झोपेचा प्रश्न सरकारलाही दिसला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलं झोपेतून नीट उठत नाहीत याच कारणाने. तेव्हा रिक्षा, बस, दोन सत्रांतल्या शाळा यांवरून किती कुरकुर झाली ते आपण सगळ्यांनी ऐकलं. नऊची शाळा झाली आणि मुलं रात्री तासभर उशिरा झोपू लागली, असंही काही घरांत झालंय. तिथे कोणतं शासन काय करणार?

आणि मॅग्नेशियम हवंच असेल तर ते आपल्या ताटात आहे. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे येतो, त्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मेथीची भाजी ही पण गोळीच!" वर्गात आम्ही बेरीज केली, तुम्हीही घरी करा. बाजरी, ज्वारी, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १२० ते १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. दिवसभरात दोन भाकरी, म्हणजे साधारण १२० ग्रॅम पीठ धरा, दीडशे. मूठभर शेंगदाणे, पन्नास. वाटीभर मुगाची उसळ, पन्नास. एक केळं, तीस. झाले २८०. ९ ते १३ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज २४० धरतात. सगळंच शोषलं जातं असं नाही, पण कडधान्यं भिजवून मोड आणले की शोषण सुधारतं, आणि ते तर आपण करतोच. उलट धान्य पॉलिश केलं की वरचा कोंडा जातो आणि मॅग्नेशियमही त्याच्याबरोबर जातं. पांढऱ्या तांदळात ते १०० ग्रॅमला वीसच्या आसपास उरतं, मैद्यातही थोडंच. बिस्किटाचा पुडा आणि नूडल्स डब्यात देऊन वर मॅग्नेशियमची गमी, हा हिशेब मला कळत नाही.

आता आपल्याबद्दल, शिक्षकांबद्दल. आपल्यालाही झोप नाही, हे खरं आहे. रात्री अकराला ग्रुपवर "उद्या सकाळी दहापर्यंत माहिती भरून पाठवा" असा मेसेज येतो, लिंक उघडत नाही, मग साडेबाराला परत प्रयत्न. त्यावर चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा अकरा वाजता अर्धा शिल्लक. या सगळ्यावर १४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम काय करणार, तुम्हीच सांगा. आमच्या केंद्रातल्या काही जणींनी ठरवलं की साडेनऊनंतर ग्रुप बघायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा बोलणी खाल्ली. पण माहिती सकाळी भरली तरी चालते हे हळूहळू वरच्यांनाही दिसलं.

झोपेत कुणी घोरत असेल आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होत असेल, पाय सतत हलवावेसे वाटत असतील, किंवा महिनाभर रोज पहाटे तीनला जाग येऊन मन उदास राहत असेल, तर मात्र कोणतीही डबी नको, डॉक्टर हवेत.

आणि डबी आधीच घरात आली असेल तर? मोठ्यांनी रात्री जेवणानंतर घ्यावी, चारसहा आठवडे घेऊन बघावी, झोपण्या-उठण्याची वेळ एका वहीत लिहीत जावी. वहीत काहीच फरक दिसला नाही तर दुसरी डबी आणू नये. गमी असेल तर ती वरच्या कपाटात ठेवा, कारण मुलांना ती चॉकलेटच वाटते आणि कुणी बघत नसताना एकावर कुणीच थांबत नाही.