दहापैकी नऊ जण

नेपाळहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठ भगिनींनी हात हातात घेऊन विचारलं, "किती जणांनी प्रभूला स्वीकारलं?" आणि शेजारच्या काकांनी, ज्यांच्या अंगणात मी लहानाची मोठी झाले, जिन्यात थांबवून विचारलं, "काय गं, किती जणांना बाटवून आलीस?" दोघांनाही आकडा हवा होता. तो माझ्यापाशी नाही आणि असू नये, असं माझं ठाम मत आहे. अशा सेवादौऱ्यांबद्दल बाहेर संशय फार आहे आणि आमच्या आत चर्चा कमी आहे, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट, राहणार मिरज. नोकरीची बहुतेक वर्षं कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करण्यात गेली. मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला मिशन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं आणि जवळजवळ चार दशकं ते याच भागात राहिले. आमच्या घरातली शिकलेली पहिली बाई म्हणजे माझी आजी. ती मिरजेतच परिचारिका झाली. तेव्हा परदेशातून सेवेला आलेली माणसं समोरच्याला कशी दिसतात, हे आम्ही त्या समोरच्या बाजूने पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे. आता आमची मंडळी दुसऱ्यांच्या देशात जाऊ लागल्यावर ते विसरून कसं चालेल?

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची हद्द ओलांडून बसने काठमांडू, आणि पुढे दक्षिणेला ललितपूर जिल्ह्यातलं लेले. तिथल्या डोंगरात आनंदबन हे कुष्ठरोग रुग्णालय १९५७ पासून उभं आहे. जगातल्या कुष्ठरुग्णांसाठी १८७४ पासून काम करणाऱ्या लेप्रसी मिशनचं ते केंद्र. आमच्या मिरजेचं रिचर्डसन रुग्णालयही त्याच परिवारातलं, म्हणून आमच्या मंडळीचा गट तिकडे गेला. पाट्या देवनागरीत, वॉर्डातला जंतुनाशकाचा वास ओळखीचा. परकं वाटलं ते एवढंच की नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे उपासनाही शनिवारी.

मला फिजिओथेरपीच्या खोलीत काम मिळालं. तराईतल्या धनुषा जिल्ह्यातला एक शेतकरी तिथे होता. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस रोगाने निकामी झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, पुढे कधी बाकीचीही वळतात. अशा हाताने भात खाता येत नाही, घास बोटांतून गळतो. चारचौघांत जेवायला बसणं त्याने कधीच सोडून दिलं होतं. त्याच्यावर झालेली शस्त्रक्रिया आम्हा लोकांच्या नेहमीच्या पाहण्यातली. मधलं बोट वाकवणाऱ्या दोन स्नायुबंधांपैकी एक सोडवायचा, त्याचे चार पदर करायचे आणि चारही बोटांना जोडायचे. मग तीन-चार आठवडे प्लॅस्टर. ते काढल्यावर खरं काम सुरू होतं, कारण जो स्नायू आयुष्यभर बोट वाकवत आला, त्याला आता बोटं सरळ ठेवण्याचं काम शिकवायचं असतं. "बोटं ताठ ठेवा आणि फक्त मुळाशी वाकवा," असं सांगायचं आणि वाट पाहायची. सुरुवातीला काहीच हलत नाही. रुग्ण दात-ओठ खातो, खांदा वर उचलतो, सगळं अंग आवळतो. माझा नेपाळी सहकारी माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल. तो त्या हाताखाली आपला तळवा ठेवून "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू, असं म्हणत राहायचा. एका सकाळी अनामिका ताठ राहून मुळाशी किंचित खाली झुकली, पुन्हा वर आली. शेतकऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, त्या मुलाकडे पाहिलं.

आम्ही निघालो तेव्हा तो कापसाचा बोळा उचलू लागला होता. भाताचा घास अजून आठवडे दूर होता आणि तो त्याला त्या मुलानेच शिकवला असणार. आमच्या दौऱ्याची मुदत एका हाताच्या उपचाराहूनही तोकडी होती. त्या खोलीत माझा उपयोग झाला तो तो मुलगा रोज तिथे होता म्हणून. मी नसते तरी हात सुधारलाच असता.

गटातल्या काही जणांनी वॉर्डात फोटो काढले, जखमांचेही. ते मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर आले आणि खाली "देवाची स्तुती असो" असे निरोप आले. काही जण खाटांपाशी उभे राहून रुग्णांना सुवार्ता सांगू लागले, तेव्हा तिथल्या परिचारिकेने नम्रपणे थांबवलं. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करण्यास मनाई आहे आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परदेशी माणूस शिक्षा भोगून देशाबाहेर जातो, स्थानिक ख्रिस्ती माणसाला मात्र तिथेच राहायचं असतं. मला तो कायदा अन्यायाचा वाटतो, कारण स्वखुशीने श्रद्धा बदलू पाहणाऱ्याच्या वाटेतही तो उभा राहतो. पण कायदा नसता तरी मी खाटेजवळच्या प्रचाराला विरोधच केला असता. पायाची जखम दुसऱ्याच्या हातात आहे, घरच्यांनी टाकलं आहे, जेवणही समोरच्याकडूनच येतं आहे, अशा माणसाला "नाही" म्हणायला मोकळीक कुठे असते? आणि जिथे "नाही" म्हणता येत नाही, तिथल्या "हो"ला श्रद्धा म्हणणं हा त्या माणसाचाही अपमान आहे आणि देवाचाही.

हे मी शुभवर्तमानातूनच शिकले. लूकने दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितली आहे. दहाही बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. आमच्याकडे या गोष्टीवर प्रवचन होतं ते नेहमी त्या एकावर. प्रभूने उरलेल्या नऊ जणांविषयी विचारलं, हे खरं. त्या नऊ जणांचं बरेपण मात्र त्याने काढून घेतलं नाही. आणि मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो एका कुष्ठरोग्याला हात लावून बरं करतो आणि कोणाला सांगू नकोस म्हणून बजावतो. त्या माणसाने न ऐकता गावभर सांगितलं, पण ते त्याचं त्याने सांगितलं. बरं करणाऱ्याने त्याला लोकांपुढे उभं केलं नाही. प्रभूच्या नावाने चालणाऱ्यांनी रुग्णाचा उघडा पाय मोबाइलवर फिरवावा, हे मला सहन होत नाही.

तरुणांना अशा दौऱ्यातून घडायला मिळतं, असं आमचे पाळक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. गटातली एक मुलगी आता नर्सिंगला जायचं म्हणते. पण घडण्यासाठी सीमा ओलांडायची गरज नाही. मिरजेत राहून रिचर्डसनच्या फाटकाच्या आत कधी पाऊल न टाकलेली मुलं त्याच गटात होती. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडतात.

मंडळीच्या वार्षिक सभेत मी असं मांडणार आहे की पुढचा गट रद्द करावा. त्याऐवजी प्लॅस्टर, स्प्लिंट किंवा बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी (एमसीआर) चपलांचं काम येणारा एकच माणूस, तिथून मागणी आली तरच, निदान तीन महिन्यांसाठी पाठवावा. तशी मागणी नसेल, तर प्रवासाचे पैसे तिथल्या एखाद्या तरुण तंत्रज्ञाच्या शिक्षणासाठी द्यावेत. ज्याला जायचं आहे त्याने आधी सहा महिने, दर शनिवारी, आपल्या गावातल्या कुष्ठरुग्णांच्या जखमा धुवाव्यात. आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये त्या वॉर्डातले फोटो अजून आहेत, त्यांनी ते सभेच्या आधी काढून टाकावेत. मी प्रत्येकाला विचारणार आहे.