पुराचे पाणी आणि गाडीची टाकी



जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी पात्राबाहेर आली आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हे आपणांस आठवत असेल. असे पाणी अंगणातल्या मोटारसायकलीवरूनही जाते. ओसरले की आपण पहिली गोष्ट करतो ती किक मारून पाहण्याची. यापुढे ती करू नका.

पूर्वी टाकीत पाणी गेले तर ते तळाशी बसे. कॉक सोडून काढून टाकले की काम भागे. आताच्या पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. २००१ साली मिरज व मनमाड येथे इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले, २००३ पासून ५ टक्के मिश्रण सुरू झाले आणि आज हे प्रमाण २० टक्क्यांवर आले आहे. इथेनॉल आपल्याच उसाचे, मक्याचे, तांदळाचे. पण त्याला पाण्याची ओढ फार. चार थेंब पाणी ते सहज पोटात घेते, त्याने काही बिघडत नाही. पाणी जास्त झाले की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. वरून ताजे पेट्रोल ओतून हे दुरुस्त होत नाही.

म्हणून बुडालेली गाडी ढकलत मेस्त्रीकडे न्यावी. टाकी व कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करून घ्यावे. शंका असल्यास तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. दोन थर दिसले तर सगळेच टाकाऊ समजावे. हे काम उघड्यावर करावे, आणि विडी खिशातच राहू द्यावी.

पुरापेक्षाही अधिक नुकसान भातखाचरातल्या ग्रास कटरचे होते, असे मला वाटते. बांधावरचे गवत कापून झाले की यंत्र ओट्यावर टांगले जाते ते पुढच्या पावसापर्यंत, टाकीत पेट्रोल तसेच. टू-स्ट्रोक यंत्राला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलमधून. तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात हे ऑईल नीट मिसळत नाही. तो थर इंजिनात गेला की पिस्टन कोरडा चालतो आणि जाम होतो. हंगाम संपताच यंत्र थंड असताना टाकी रिकामी करावी, मग चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. ऑईल मिसळलेले पेट्रोलही दोन-चार दिवसांपुरतेच करावे.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासाव्यात. नळी फुगलेली, चिकट किंवा तडकलेली दिसली तर लगेच बदलावी. गळके पेट्रोल तापल्या इंजिनावर पडणे हा खरा धोका आहे. ॲव्हरेज थोडे कमी मिळते, ही आपली तक्रार मात्र खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे.

काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तहानलेले पोर ती तोंडाला लावते. तसे घडलेच तर ओकारी काढू नये, मीठ-पाणी पाजू नये. त्याला ताबडतोब जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि बाटलीही दाखवावी.