मागची चाकं उड्या मारतात? हॉर्सपॉवर वाढवण्याआधी कंट्रोल आर्म बघा

जोरदार पिकअप घेताना गाडी झेपावण्याऐवजी मागून धडधडते, त्याला ‘व्हील हॉप’ म्हणतात. २००५ ते २०१४ची फोर्ड मस्टँग याचं ठळक उदाहरण. तिचा मागचा अखंड ॲक्सल पुढे-मागे धरून ठेवतात दोन खालचे आणि एक वरचा कंट्रोल आर्म.

नेमकं काय होतं? खालचे आर्म पत्र्याचे, टोकांना मऊ रबरी बुश. टॉर्क आला की बुश दबतात, ॲक्सल पिळला जातो, टायरची पकड सुटते, ॲक्सल झटक्यात परततो आणि टायर पुन्हा पकडतो. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरतं. त्यात ॲक्सल शाफ्टही तुटू शकतो.

उपाय म्हणजे जाड नळीचे आर्म आणि पॉलीयुरेथेन बुश. पण सगळंच कडक करू नका, असं माझं मत. कडक बुशमुळे केबिनमध्ये आवाज आणि थरथर वाढते. वळणावर ॲक्सलला तिरकं व्हायला जागाही लागते. रोज वापरायच्या गाडीत आधी खालचेच आर्म बदला, वरचं रबर राहू द्या.

२०१५पासून मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. जुन्या गाडीवाल्यांनी मात्र इंजिनवर खर्च करण्याआधी गाडीखाली वाकून बघावं. ताकद रस्त्यावर उतरलीच नाही, तर ती वाढवून उपयोग काय?